धडक तीच, बिल वेगळं : पेट्रोल घ्यावी की इलेक्ट्रिक?

टाटाची नेक्सॉन घ्यायची हे ठरलंय, पण पेट्रोल की इलेक्ट्रिक यावर घरात अडलंय, अशी माणसं हल्ली बरीच भेटतात. चर्चा एका चार्जिंगमध्ये गाडी किती पळते आणि महिन्याचे किती पैसे वाचतात इथपर्यंत येऊन थांबते. गाडी ठोकली तर काय, हे कुणी काढत नाही. नव्या गाडीच्या पेढ्यांआधी अपशकुन नको, म्हणून असेल. तर इथे तेवढंच बोलू.

आधी विम्याचा हप्ता. ‘इलेक्ट्रिकला थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सूट’ (थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान) असं शोरूममध्ये सांगतात. ते खोटं नाही, पण १ जून २०२२ पासून लागू झालेलं दरपत्रक उघडून बघा. पेट्रोल गाडीचा दर इंजिनाच्या सीसीवर ठरतो, इलेक्ट्रिकचा मोटरच्या किलोवॉटवर. पेट्रोल नेक्सॉन १,१९९ सीसीची, म्हणून वर्षाला ३,४१६ रुपये. नेक्सॉन ईव्हीची मोटर ९५ किलोवॉट किंवा त्याहून मोठी, म्हणजे ६५ किलोवॉटच्या वरचा गट आणि ६,७१२ रुपये. सूट धरूनही जवळपास दुप्पट! कारण ही सूट १,५०० सीसीवरच्या गाड्यांच्या ७,८९७ रुपयांतून दिलेली आहे. टाटाच्याच छोट्या टियागोचं मात्र उलटं. पेट्रोलला ३,४१६, इलेक्ट्रिकला २,९०४. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता प्रत्येक कंपनी आपापला ठरवते, पण तो आयडीव्हीवर, म्हणजे गाडीच्या विमा-किमतीवर बसतो. इलेक्ट्रिकची किंमतच जास्त, त्यामुळे हाही हप्ता साधारण चढाच.

रोजच्या खरचटण्यात फरक शोधू नका. सोसायटीच्या खांबाला दार घासलं, सिग्नलला रिक्षाने बंपर चेपला, तर डेंटिंग-पेंटिंग दोन्हीकडे सारखंच. घसारा म्हणजे भाग जुना धरून भरपाईतून होणारी कपात. प्लास्टिकच्या भागांवर ती ५० टक्के, काचेवर शून्य, पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे, हे नियमही तेच. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलं असेल तर घसाऱ्याची बरीचशी कात्री टळते. हजार-दोन हजारांच्या कामासाठी क्लेम लावून नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, घालवू नये, हेही दोघींना लागू.

खरा फरक गाडीच्या पोटाखाली आहे.

पांढरे पट्टे नसलेला स्पीडब्रेकर किंवा घाटातला सुटा दगड पेट्रोल गाडीला खालून लागला, तर इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर फुटतो. ऑइल गळतं, गाडी बंद करायची, टो करून गॅरेजला न्यायची. चेंबर कुठल्याही गावातला बरा मेकॅनिक बदलून देतो. इलेक्ट्रिकमध्ये त्या जागी बॅटरीचा पॅक असतो, आणि गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा, कधी चाळीस टक्केही, त्याच पेटीत असतो. पेटीला पोचा आला तरी कोपऱ्यावरचा मेकॅनिक हात लावणार नाही, आणि लावूही नये. उच्च दाबाची वीज तोडून, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरेपर्यंत थांबून मगच काम करायचं असतं आणि त्यासाठी प्रशिक्षण लागतं. मग अधिकृत वर्कशॉप, कंपनीचा तपासणी अहवाल, त्यावर सर्वेअरचं, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्याचं मत. पॅकमधलं एखादं मॉड्यूल बदलून भागतं की अख्खा पॅक बदलावा लागतो, इथे बिल हजारांत राहायचं की लाखांत जायचं ते ठरतं.

आणि इथेच पॉलिसीतली एक जुनी ओळ आडवी येते. मोटार विम्याच्या नेहमीच्या मसुद्यात टायर, ट्यूब आणि बॅटरी यांवर सरसकट ५० टक्के घसारा आहे. ओळ लिहिली गेली तेव्हा बॅटरी म्हणजे बॉनेटखालचा बारा व्होल्टचा डबा होता. आज तीच ओळ सहा लाखांच्या पॅकला लावली, तर तीन लाख तुमच्या खिशातून. झीरो डेप घेतलंय म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण कित्येक झीरो डेपमधून बॅटरी वगळलेली असते. गाडी चालवणारी हाय व्होल्टेज बॅटरी शून्य घसाऱ्यात आहे का, हे एजंटाकडून लेखी घ्या. तोंडी ‘हो साहेब, सगळं कव्हर आहे’ याला सर्वेअरपुढे काही किंमत नसते.

मोठ्या अपघातात हिशेब आणखी फिरतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. उदाहरणापुरते आकडे घेऊ. १५ लाखांची इलेक्ट्रिक तिसऱ्या वर्षात आहे, ३० टक्के घसारा जाऊन आयडीव्ही साडेदहा लाख, मर्यादा ७ लाख ८७ हजार. बॅटरी सहा लाख आणि पत्रा-सस्पेन्शन दोन लाख, संपली गाडी. १० लाखांच्या पेट्रोल गाडीची मर्यादा सव्वापाच लाख. त्याच धडकेत तिचे दोन-अडीच लाख होतील आणि ती परत रस्त्यावर येईल. टोटल लॉसमध्ये हातात आयडीव्ही पडते, त्यातून आधी बँकेचं कर्ज फिटतं. मोठ्या कर्जावर इलेक्ट्रिक घेणाऱ्याने पहिली काही वर्षं रिटर्न टू इनव्हॉइस हे गाडीची बिलाची किंमत देणारं जादा कव्हर घ्यावंच, असं माझं मत. ‘बॅटरीला वॉरंटी आहे की’ हे उत्तर इथे कामाचं नाही. वॉरंटी निर्मितीतल्या दोषाची असते, दगडाची नाही.

पावसाळ्यात दोघी सारख्याच अडचणीच्या. तुंबलेल्या पाण्यात बंद पडलेली पेट्रोल गाडी पुन्हा स्टार्टर मारला की इंजिनात पाणी ओढते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पूर विम्यात बसतो, पण हा तुमच्या हाताने झालेला पुढचा परिणाम म्हणून नाकारला जातो. म्हणून इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर. इलेक्ट्रिकला पाणी ओढणारं इंजिनच नाही. पॅकला पाणी-धूळ आत न शिरण्याचं आयपी६७ मानांकनही असतं, पण ती चाचणी मीटरभर पाण्यात अर्ध्या तासाची. रात्रभर बुडालेल्या तळघरातल्या पार्किंगला ती लागू नाही. म्हणून बॅटरी प्रोटेक्ट हे जादा कव्हर. घरच्या चार्जरचं नुकसान त्यात येतं का, तेही विचारा.

टोइंगची एक गोष्ट राहिली. पुढची चाकं मोटरला जोडलेली असलेली इलेक्ट्रिक ती चाकं जमिनीवर फिरत ठेवून ओढायची नसते. फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक, मागवलेला बरा. रोडसाइड असिस्टन्समध्ये किती किलोमीटर फुकट आहेत ते वाचा. कोकणात किंवा मराठवाड्याच्या आतल्या भागात राहात असाल तर हा मुद्दा हप्त्यापेक्षा महत्त्वाचा.

माझा कौल असा. शहरात राहणं, अधिकृत वर्कशॉप तासाभरावर, पार्किंग पाण्यात न जाणारं, आणि बॅटरीची दोन्ही कव्हरं (शून्य घसारा आणि बॅटरी प्रोटेक्ट) घ्यायची तयारी, असं असेल तर अपघाताच्या भीतीने इलेक्ट्रिक सोडू नका. रोजचा रस्ता दगडगोट्यांचा आणि वर्कशॉप दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर अजून काही वर्षं पेट्रोल. आणि जुनी पेट्रोल गाडी विकून इलेक्ट्रिक घेत असाल तर जुन्या विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र आधी घ्या. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के, आणि तो स्वतःच्या नुकसानीच्या त्या चढ्या हप्त्यातून थेट वजा होतो.