सहा इंची दुर्बीण: आखाड्यावरचे सहा महिने

दिवाळीत सोयाबीनचे पैसे आले आणि सहा इंची आरशाची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर ठेवून हाताने फिरवायची) दुर्बीण घेतली. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा तालुक्यात आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, ती सहा महिने वापरतोय. आमच्याकडे लाईट गेली की आकाश काळंभोर होतं, म्हणून घेण्याचं धाडस केलं.

आधी स्पष्ट सांगतो, फोटोतले रंग दिसत नाहीत. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा अफाट समूह, दिसते नुसता धुरकट डाग. पहिल्या रात्री मन खट्टू झालं. पण याच डागात खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलला 1923 साली सेफिड जातीचा, ठरावीक काळाने कमी-जास्त उजळणारा तारा सापडला. अशा ताऱ्याच्या उजळण्या-मंदावण्याच्या काळावरून त्याचं खरं तेज कळतं, या खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांच्या नियमावरून हबलने अंतर काढलं आणि आपल्या आकाशगंगेबाहेरही दीर्घिका असल्याचं ठरलं. हे माहीत झाल्यापासून तो डाग मी तासन्‌तास बघतो. तिथून निघालेला उजेड सुमारे 25 लाख वर्षं प्रवास करून आमच्या शेतात उतरतो.

शनीचं कडं यंदा रेघेसारखं. मार्च 2025 मध्ये पृथ्वी कड्याच्या पातळीतून गेली, त्यामुळे अजून ते जवळजवळ आडवंच दिसतं. पुढची काही वर्षं उघडत जाईल.

खरा आनंद गुरूने दिला. 10 मिमी आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावला की 120 पट मोठं दिसतं, पट्टे कळतात, चारही मोठे चंद्र सुटे दिसतात. त्यातला आयो साधारण 42 तास 28 मिनिटांत फेरी मारतो. जानेवारीच्या अखेरीस मध्यरात्रीनंतर तो गुरूच्या सावलीतून बाहेर आला, ती वेळ मी वहीत टिपली. तिथून 40 फेऱ्या मोजून एप्रिलमधली वेळ काढून ठेवली. त्या संध्याकाळी डोळा लावून बसलो, वेळ झाली तरी आयोचा पत्ता नाही. सुमारे सहा मिनिटांनी तो हळूहळू उजळला. मधल्या काळात पृथ्वी गुरूपासून लांब गेली होती, तेवढं जास्तीचं अंतर कापायला उजेडाला ती मिनिटं लागली! खगोलशास्त्रज्ञ ओले रोमरने 1676 मध्ये याच उशिरावरून प्रकाशाला वेग असतो हे दाखवलं. माझ्या घड्याळात मिनिटभराची चूक असेल, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता तक्रारी. सोबत आलेला फाईंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) कुचकामी निघाला. दुकानदाराने बदलून दिला नाही, नवा घ्यावा लागला. खालचा चिपबोर्ड दवाने फुगला, आता मेणकापड अंथरतो. गाडीवाटेने नळी आणली की आरसे हलतात, दर वेळी कोलिमेशन, म्हणजे आरसे पुन्हा नीट जुळवणं, करावंच लागतं. शिवाय 120 पटीवर ग्रह दीड-दोन मिनिटांत नजरेबाहेर जातो, हाताने सरकवत राहायचं. लहान मुलांना दाखवताना याचा त्रास होतो.

आई सुरुवातीला चिडायची, "एवढ्या रात्री काय बघायलास रे?" आता गुरू उगवला का म्हणून तीच विचारते. आज्जीला दुर्बिणीत काही नीट दिसत नाही, पण बाजेवर पडून ती सप्तर्षींचं खाटलं आणि त्यामागचे तीन चोर पोरांना दाखवते. आमच्याच तालुक्यात चार-चार किलोमीटर लांब भुजांची लायगो वेधशाळा होणार आहे. ती उजेडाऐवजी गुरुत्वीय लहरी, म्हणजे कृष्णविवरांसारख्या जड वस्तू आदळल्या की अवकाशातच उठणाऱ्या लाटा, टिपेल. पोरं विचारतात, तिथून काय दिसेल? त्यांना ते समजावता यावं म्हणून मी सध्या वाचतोय.

मृग लागला की ढग येतील. नळी कापडात गुंडाळून कोठीशेजारी ठेवणार, दिवाळीपर्यंत.