एलएलएम: लंडन की कोइंब्रा?

लंडनचं एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) वर्षभरात उरकतं, शिकवणं इंग्रजीत. लवाद किंवा कंपनी कायद्यात जायचं असेल तर दुसरीकडे बघूच नका. खर्च मात्र घाम फोडणारा.

पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठाचं मास्टर्स साधारण दोन वर्षांचं, तेही मुख्यतः पोर्तुगीजमधून. पण म्हापसा-मडगावात वारसाहक्काचे दावे चालवणाऱ्याला मी तिथेच पाठवेन. आपल्या गोव्याच्या वारसा कायद्याची मुळं १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत. घराघरांतली जुनी विक्रीखतं, इन्व्हेंटरीचे (वारसांत मालमत्ता वाटण्याच्या कोर्टकामाचे) कागद पोर्तुगीजमध्येच. ते स्वतः वाचणाऱ्या वकिलाला भाषांतराची वाट पाहावी लागत नाही. फक्त, खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी संहिता आणली, त्यामुळे तिथे गोव्याचा कायदा आयता शिकवतील या भ्रमात राहू नका.