‘देव म्हणतो, आत्ताच पाठव’ : माझे २,१४,८७७ रुपये

आधी आकडा सांगते, म्हणजे ‘अहो, गेले असतील पाच-पन्नास’ म्हणून कुणी पुढे सरकणार नाही. २,१४,८७७ रुपये, प्रार्थनासभा घेणाऱ्या एका ‘प्रॉफेट’नं, म्हणजे स्वतःला संदेष्टा म्हणवणाऱ्यानं, देवाच्या नावानं माझ्याकडून घेतलेले. त्यातले १,१०० अभिषेकाच्या तेलाचे आणि रुमालाचे. ७,७७७ पहिल्या ‘बी’चे, म्हणजे ‘पेरा, देव उगवून देईल’ म्हणत घेतलेल्या दानाचे. २१,००० पिढीजात शाप तोडण्याच्या उपास-प्रार्थनेचे. ३५,००० यरीहोच्या भिंतीचे, म्हणजे दर आठवड्याला ५,००० असे सात आठवडे, कारण इस्राएल लोक यरीहोभोवती सात दिवस फिरले होते. आणि १,५०,००० सारफथच्या विधवेचे, म्हणजे बायबलमधल्या त्या बाईच्या नावानं, जिनं शेवटचं पीठ एलीया संदेष्ट्याला दिलं. त्यासाठी यजमानांच्या पीएफच्या पैशांची एफडी मुदतीआधी मोडली. बँकेनं कापलेलं व्याज यात धरलेलं नाही.

भाड्याचा हॉल, की-बोर्ड, सुटातला ‘प्रॉफेट’, स्टेजवरच्या साक्षी, हे सगळं तुम्ही पाहिलेलं आहे, त्यात शाई घालवत नाही. मी कोण ते मात्र सांगते, कारण पहिला टोमणा तिथेच बसतो : ‘एवढ्या शिकलेल्या बाई, तुम्ही कशा फसलात?’ मी निवृत्त शिक्षिका. घरात ख्रिस्ती विश्वासाची चौथी पिढी. आजीला ना. वा. टिळकांची भजनं तोंडपाठ. मी स्वतः चर्चच्या शब्बाथ शाळेत मुलांकडून बायबलची वचनं पाठ करून घेतलेली. आणि माझं ठाम मत आहे की अडाणी असते तर वाचले असते. ज्याला बायबल ठाऊकच नाही त्याच्यावर सारफथच्या विधवेची मात्रा चालत नाही. या लोकांना माझ्यासारखीच माणसं लागतात. अर्धं वचन त्यांनी उच्चारायचं, उरलेलं अर्धं आपण भक्तिभावानं मनात पूर्ण करायचं.

तेव्हा मुलाची नोकरी गेली होती. त्यातच त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन. हप्ते चालू. आमच्या मंडळीतल्याच (चर्चमधल्याच) एका बाईंनी मला त्या ‘प्रॉफेट’च्या व्हॉट्सअॅपवरच्या प्रार्थना-गटात घातलं. तिथे आपली विनंती लिहायची, सगळे मिळून प्रार्थना करणार. यात वाईट काय वाटणार कुणाला? आमच्या महिला मंडळात आम्ही आयुष्यभर हेच केलं.

आता तो गुडघा. यावर मला सगळ्यात जास्त संताप येतो.

सभेत ‘प्रॉफेट’नं डोळे मिटले, हात कानाशी नेला आणि म्हणाला, ‘इथे एक आई आहे. तिच्या मुलाच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्र चाललंय. प्रभू मला दाखवतोय.’ मी रडत उभी राहिले. शेजारी नणंद बसली होती, ती पदर ओढून कुजबुजली, ‘अगं वहिनी, उजवा ना?’ हो, उजवाच. आणि त्या क्षणी मी तिला काय उत्तर दिलं असेल? ‘तो समोरून बघतोय ना, समोरून डावं-उजवं उलट दिसतं.’ म्हणजे पवित्र आत्म्याला उजवं-डावं कळत नाही असं मी, बाप्तिस्मा घेतलेली बाई, भर सभेत म्हणाले! खूप नंतर जुने निरोप चाळताना सापडलं : गटात विनंती लिहिताना घाईत मीच ‘डावा गुडघा’ टाइप केलं होतं. माझी टायपिंगची चूक देवानं त्याला दर्शनात दाखवली.

कुणी म्हणेल, तिथेच उठून यायचं होतं. ज्याच्या घरात महिनाभर रात्री कुणी झोपलेलं नाही त्यानं हे म्हणावं, मग मी ऐकेन.

ही युक्ती जुनी आहे हेही मला नंतर मुलानं दाखवलं. अमेरिकेत पीटर पोपॉफ नावाचा टीव्हीवरचा उपदेशक आजाऱ्यांची नावं, पत्ते, दुखणी ‘देवाकडून’ ऐकून सांगायचा. १९८६ साली जेम्स रँडी या जादूगारानं रेडिओ लहरी पकडून दाखवलं की कानातल्या यंत्रातून त्याची बायको त्याला ती माहिती वाचून दाखवत होती. ३९.१७ मेगाहर्ट्झवर. १९८७ मध्ये पोपॉफचं दिवाळं निघालं. आणि मग? तो पुन्हा टीव्हीवर आला, ‘चमत्काराचं पाणी’ घेऊन. त्याला निदान रेडिओचा खर्च होता. आमच्यावाल्याला मोबाइलवर आम्हीच सगळं लिहून देत होतो. प्रार्थना-विनंती उघड्या गटात लिहू नका. पाळकांना (पास्टरना) घरी बोलावून सांगा, नाहीतर दार लावून देवाला सांगा.

पैसे मागायची तऱ्हा ऐका. कधीच ‘मला द्या’ नाही. ‘बी पेरा.’ बायबलमधलं मलाखी ३:१० प्रत्येक सभेत : दशांश भांडारात आणा, मग पाहा मी आकाशकपाटं उघडतो की नाही. वचन खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच अध्यायात पाच ओळी वर, ३:५ मध्ये, मजुराची मजुरी बुडवणाऱ्याला आणि विधवेला व अनाथाला छळणाऱ्याला देव न्यायाला उभा करणार आहे. ते त्यानं कधी वाचलं नाही. आणि भांडार कशाला? घरात अन्न असावं म्हणून. बायबलमधलं ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक, अध्याय १४ काढून बघा : दर तिसऱ्या वर्षाचा दशांश लेवी (देवाची सेवा करणारे), परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवावं म्हणून. मी विधवा. त्या हिशेबानं त्यानंच मला काहीतरी द्यायला हवं होतं!

सारफथचं तर विचारूच नका. ‘सिस्टर, तुम्ही ती विधवा आहात. शेवटचं मूठभर पीठ आधी देवाच्या माणसाला द्या.’ हे शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता, आता तळपायाची आग मस्तकात जाते. १ राजे १७ मधला एलीया दुष्काळात उपाशी, जीव वाचवत फिरणारा माणूस होता. त्यानं एक भाकर मागितली. आणि मग ती बाई, तिचं घर आणि तो, सगळे त्याच पिठावर जगले. तो तिथेच राहिला, तिच्यासोबत जेवला. पीठ गाडीत घालून निघून गेला नाही. मार्काच्या बाराव्या अध्यायातल्या गरीब विधवेच्या दोन दमड्यांचंही तेच. तो उतारा ४१व्या ओळीपासून वाचतात. ४०वी ओळ वाचा. तिथे येशू म्हणतो की हे विधवांची घरं गिळतात आणि दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. एक ओळ वर! वचनाच्या मागच्या पाच आणि पुढच्या पाच ओळी वाचल्याशिवाय कुणालाही पाकीट उघडून दाखवू नका.

दीड लाख पाठवताना क्यूआर स्कॅन केला तर पडद्यावर मंडळीचं नाव आलं नाही, संस्थेचं नाही, एका बाईचं नाव आलं. त्याच्या मेव्हणीचं, हे मागाहून कळलं. मी थांबले होते. खरंच थांबले होते. त्याच्या माणसाला विचारलं, तर तो हसून म्हणाला, ‘सिस्टर, मोशेनं समुद्रापुढे नाव विचारलं का?’ या वाक्याला काही अर्थ आहे का? नाही. पण मागे संगीत चालू, लोक रडतायत, माझ्यामागे रांग, आणि पडद्यावर पिन टाकायची चौकट. मी पिन टाकला. संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक असलेली पावती आधी, पैसे नंतर. पावती नाही म्हणाले तर दोन रुपयेसुद्धा नाही.

मार्चअखेर मुलाला परदेशी नोकरी, असं ‘प्रभूनं सांगितलं’ होतं. मार्च गेला. एप्रिलमध्ये उत्तर मिळालं की माझ्या विश्वासाला चीर आहे, आणखी एक बी लागेल. अनुवाद १८:२२ स्वच्छ सांगतं : संदेष्टा देवाच्या नावानं बोलला आणि ते घडलं नाही, तर ते देवाचं बोलणं नव्हे. चीर वगैरे काही नाही. बरं, खरं ठरलं तरी बिनधास्त होऊ नका. अनुवाद १३ म्हणतं, चिन्ह खरं ठरलं तरी शिकवण तपासा. मी हे दोन्ही उतारे मुलांना शिकवले होते, म्हणून जास्त लागतं.

प्रश्न विचारला की त्यांच्याकडे एकच कुलूप : ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका.’ स्तोत्र १०५. अहो, ते अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल आहे, परक्या राजांनी त्यांना इजा करू नये म्हणून. हिशेब विचारू नये म्हणून नव्हे. प्रेषित पौलानं प्रेषित पेत्राला तोंडावर खडसावलं, गलतीकरांस पत्र २:११. बिरुया गावच्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्र उघडून तपासलं आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्यांना मोठ्या मनाचे म्हटलंय. पौल तर दानाचे पैसे नेताना एकटा गेला नाही, सोबत मंडळ्यांनी निवडलेला भाऊ घेतला, कुणी बोट दाखवू नये म्हणून (२ करिंथ ८). आणि अगदी सुरुवातीच्या मंडळीची ‘दिदाखे’ नावाची छोटी नियमावली आहे. तिची हस्तलिखित प्रत १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलला सापडली. त्यात लिहिलंय की फिरता प्रेषित निघताना भाकरीखेरीज काही घेणार नाही, पैसे मागितले तर तो खोटा संदेष्टा. आत्म्यात येऊन ‘मला पैसे द्या’ म्हणाला तर ऐकू नका, दुसऱ्या गरजूसाठी मागितलं तर मात्र त्याला दोष देऊ नका. एवढं साधं. हे आमच्या उपदेशपीठावरून मला कुणी कधी सांगितलं नाही. वर्गणीची आठवण मात्र दर रविवारी.

आता ‘तरी आम्ही म्हणत होतो, टाळ्या वाजवणारे सगळे लबाड’ असं म्हणणाऱ्यांनाही सांगते, गप्प बसा. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे आत्मिक जागरण (रिव्हायव्हल) झालं त्यात मुली तासन्‌तास रडत, मोठमोठ्यानं प्रार्थना करत होत्या. ते कुणी क्यूआर कोड लावून केलं नाही. आवाजावरून खरं-खोटं ठरत नाही, फळावरून ठरतं, मत्तय ७. त्याच रमाबाईंनी, एका विधवेनं, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य : ‘बाई, तुम्ही स्वखुशीनं दान दिलंय.’ मी म्हटलं, खोटं सांगून घेतलेलं दान फसवणूकच असते, पूर्वीचं ४२०, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच गुन्हा केलाय. मग महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा काढला. त्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं आणि लोकांना फसवणं स्पष्ट लिहिलंय, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. त्या कायद्याखाली दक्षता अधिकारी असतो, तो कोण, असं विचारलं. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. एकानं तर विचारलं, ‘त्यानं तुमचं धर्मांतर केलं का? तशी तक्रार द्या, लगेच घेतो.’ माझे पणजोबा ख्रिस्ती, माझं काय धर्मांतर करणार? मला माझे पैसे आणि त्याला अटक हवी होती. त्यांना बातमी हवी होती. अशी खोटी तक्रार मी दिली नाही आणि देणार नाही, उद्या तीच काठी आमच्या साध्यासुध्या घरगुती प्रार्थनासभांवर बसेल.

बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. विश्वस्त संस्थांची नोंद ठेवणारं कार्यालय म्हणतं, या नावाची संस्था आमच्याकडे नोंदलेलीच नाही, मग आम्ही काय चौकशी करणार, पोलिसांकडे जा. म्हणजे नोंदणी केली तर हिशेब द्यावा लागतो, न केली तर कुणी विचारतच नाही. आणि आमची पास्टरेट कमिटी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारी समिती! ‘ते आपल्या मंडळीचे नाहीत.’ मग नाताळच्या आधी त्याच्याच स्टेजवर शाल घ्यायला कोण गेलं होतं? फोटो माझ्याकडे आहे. वरच्या कार्यालयाला रजिस्टर पत्र धाडलं, पोच आली, उत्तर नाही. पाळकसाहेब म्हणाले, ‘प्रार्थना करा, न्याय प्रभूचा.’ प्रार्थना करतेच आहे. तुमचं काम तुम्ही करा ना.

पैसे नुकतेच गेले असतील तर सभेतून बाहेर पडताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा, घरी जाऊन रडत बसू नका. लोक हसतील म्हणून मी फार दिवस गप्प राहिले, त्या काळात पैसे खात्यातून कुठच्या कुठे गेले. तेलाची बाटलीसुद्धा टाकू नका, लेबलसकट ठेवा.

परवा नव्या नंबरवरून निरोप आला : ‘सिस्टर, प्रभूनं रात्री तुमचं नाव दिलं, खास शब्द आहे.’ हॉल नवा, क्यूआर नवा, नाव तिसऱ्याच कुणाचं. मी ब्लॉक केलं नाही. स्क्रीनशॉट काढून तारखेसकट छापून घेतला आणि बाकीच्या कागदांत लावला. ज्यांच्याकडे असे कागद आहेत त्यांनी एकेकटं ठाण्यात जाऊ नका. एकट्या बाईला ‘स्वखुशीनं दिलं’ म्हणतात, दहाजणांना तेच म्हणून दाखवू द्या.