उलटे आटे, सरळ चेन: पुण्यातील एका पाटी नसलेल्या सायकल कार्यशाळेविषयी

माझ्या वडिलांनी १९८०च्या दशकात घेतलेली दहा गियरची पोलादी सायकल पंधरा वर्षे जिन्याखाली धूळ खात उभी होती. गियरचे सांधे गंजले होते आणि २७ इंची टायर सहज मिळेनासे झाले होते, पण सांगाडा शाबूत होता. ती सायकल मी एका गियरची करून घेतली. मागच्या चाकाच्या एका बाजूला फ्रीव्हील (पाय थांबवले तरी चाक फिरू देणारे दातेरी चक्र) आणि दुसऱ्या बाजूला फिक्स्ड कॉग (चाकाला जखडलेले दातेरी चक्र) आहे, म्हणजे चाक काढून उलटे बसवले की सायकलचा स्वभाव बदलतो. हे काम पुण्यात नदीकाठच्या एका पेठेतील छोट्या कार्यशाळेत झाले. तिथे पाटी नाही आणि मालकांना आहे त्याहून अधिक काम नको आहे, म्हणून त्यांच्याच इच्छेनुसार नाव लिहीत नाही. सगळे त्यांना काका म्हणतात. पाच महिने आणि सुमारे ११०० किलोमीटर सायकल चालवून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे, कारण अशा कामात काय पाहून घ्यावे हे मला सुरुवातीला कोणीही नीट सांगितले नव्हते आणि त्याची किंमत मला मोजावी लागली होती.

एका गियरची सायकल आपल्याला नवी नाही. दूधवाल्यांची आणि पोस्टमनची काळी सायकल एकाच गियरची असते. तिला पुढे ४४ किंवा ४८ दाते असतात आणि मागे बहुधा १८ दात्यांचे फ्रीव्हील. फिक्स्ड गियरमध्ये मात्र फ्रीव्हील नसते. कॉग थेट हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्याला, जखडलेला असतो, त्यामुळे चाक फिरते तोवर पायडल फिरते आणि पायांनी मागे जोर दिला की चाकाचा वेग उतरतो. हा मागे दिलेला जोरच सगळ्या प्रश्नाचे मूळ आहे. कॉग नेहमीच्या, म्हणजे उजव्या आट्यांवर बसतो आणि पुढे पायडल मारताना आपोआप घट्ट होत जातो, परंतु मागे जोर दिला की तो सैल होऊ पाहतो. म्हणून खऱ्या फिक्स्ड हबवर आट्यांच्या दोन पायऱ्या असतात: आतली १.३७ इंच व्यासाची कॉगसाठी आणि बाहेरची त्याहून लहान, १.२९ इंच व्यासाची, उलट्या आट्यांची, लॉकरिंगसाठी (कॉगला वरून जखडणाऱ्या कड्यासाठी). कॉग सुटायला लागला की तो लॉकरिंगला ज्या दिशेने ढकलतो, त्याच दिशेने लॉकरिंग अधिक आवळले जाते.

हे मला कळले ते दुसरीकडे फसल्यानंतर. काकांकडे जाण्यापूर्वी मी एका मोठ्या, चकचकीत दुकानात हेच काम करून घेतले होते. तिथे त्यांनी साध्या फ्रीव्हीलच्या हबवर कॉग चढवला, आट्यांना डिंकासारखे द्रव्य लावले आणि वरून बीबीचे (पायडलचा आस ज्यात फिरतो त्या भागाचे), म्हणजे सरळ आट्यांचे, रिंग आवळून दिले. सायकल दिसायला सुंदर होती. अकराव्या दिवशी उतारावर, सिग्नल लाल झालेला पाहून मी पायांनी वेग कमी करू लागले आणि पायडल एकाएकी हलके झाले. कॉग आणि रिंग दोन्ही एकाच दिशेने सुटले होते. पुढचा ब्रेक होता म्हणून मी थांबू शकले. दुकानात गेले तेव्हा पुन्हा डिंक लावून देण्याची तयारी त्यांनी दाखवली, पण हबच चुकीचा आहे हे कोणीही बोलले नाही. असे काम करून घेणाऱ्या प्रत्येकाने मागचे चाक हातात घेऊन आट्यांच्या त्या दोन पायऱ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात, ही माझी कळकळीची विनंती आहे.

काकांनी सायकल पाहिल्यावर पहिला अर्धा तास कोणत्याही भागाला पान्हा लावला नाही. नुसती मापे घेतली. मागच्या चाकाचा आस बसतो त्या दोन खाचांमधील अंतर १२० मिलिमीटर निघाले आणि त्यांचा चेहरा खुलला. दहा गियरच्या जुन्या सायकलींत मागे पाचच चक्रे असत आणि त्या हबची रुंदी १२० मिलिमीटर असे. ट्रॅकवरच्या सायकलींच्या हबचे मापही तेवढेच आहे, त्यामुळे सांगाडा ताणावा किंवा दाबावा लागला नाही. खाचा आडव्या आहेत हेही त्यांनी समाधानाने दाखवले. पुष्कळ नव्या सायकलींच्या खाचा उभ्या असतात. तिथे आस मागेपुढे सरकत नाही, चेन ताणण्यासाठी वेगळा ताणक लागतो आणि फिक्स्ड गियरला तो चालत नाही, कारण मागे जोर देताच खालच्या चेनचा सगळा ताण ताणकाच्या बिचाऱ्या स्प्रिंगवर येतो. जुन्या सांगाड्यावर हे काम करू इच्छिणाऱ्यांनी आधी या दोन गोष्टी तपासाव्यात. रंग, हँडल आणि सीट यांचा विचार नंतरही करता येतो.

चाके त्यांनी नवी विणली, ७०० सी मापाची, प्रत्येकी ३६ आऱ्यांची. जुन्या २७ इंची रिमचा व्यास टायर बसतो तिथे ६३० मिलिमीटर आणि ७०० सीचा ६२२, म्हणजे त्रिज्येत ४ मिलिमीटरचा फरक. तेवढे ब्रेकचे गुटके खाली सरकू शकतात की नाही हे त्यांनी रिम मागवण्याआधीच पाहून ठेवले होते. दोन्ही बाजूंना आटे असलेल्या या हबच्या दोन्ही कडा मध्यापासून सारख्याच अंतरावर असतात, म्हणून दोन्हीकडच्या आऱ्यांवर ताण सारखा राहतो. गियरच्या मागच्या चाकात तसे नसते. पुण्यातील खड्डे खाऊनही माझे मागचे चाक अजून आउट झालेले नाही, याचे श्रेय मी या समान ताणाला आणि काकांच्या हातांना देते.

दात्यांच्या निवडीवर आमची सर्वांत लांब चर्चा झाली. मला ४८ आणि १६ हवे होते, कारण वाचताना तेच आकडे अधिक दिसत. काकांनी कागदावर भागाकार मांडून दाखवला: ४८ भागिले १६ म्हणजे बरोबर ३, त्यामुळे पायडल ज्या स्थितीत असताना मी चाक अडवीन त्या स्थितीत टायरचा दर वेळी तोच तुकडा रस्त्यावर असेल आणि तिथेच झिजेल. ४४ आणि १७ या दोन्हींना निःशेष भागणारी एकखेरीज दुसरी संख्या नाही, म्हणून तीच झीज १७ वेगवेगळ्या जागी वाटली जाते. शिवाय ४४ आणि १७ घेतल्यास, २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरसह, पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते आणि ताशी २५ किलोमीटर वेगाला मिनिटाला ७५ फेरे पुरतात, जे गुडघ्यांना झेपते. फ्रीव्हीलच्या बाजूला त्यांनी १८ दाते ठेवले, म्हणजे ४४ आणि १८, थेट काळ्या सायकलीचेच प्रमाण. दोन्ही बाजूंत एकाच दात्याचा फरक असल्याने चाक उलटवताना आस जेमतेम ३ मिलिमीटर सरकतो आणि चेनला हात लावावा लागत नाही. टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत गियर बदलणाऱ्या यंत्रणेला मज्जाव होता, तेव्हा शर्यतीतले सायकलपटू घाटाच्या पायथ्याशी उतरून असेच चाक उलटे करत. मी पहिल्यांदा कात्रजच्या घाटाखाली रस्त्याकडेला बसून १५ नंबरच्या पान्ह्याने चाक फिरवले, तेव्हा मला त्यांची आठवण झाली आणि फार आनंद झाला.

ज्या कामासाठी मी या कार्यशाळेची शिफारस करते, ते बाहेरून दिसत नाही. पुढचे चेनव्हील आणि मागचा कॉग एका सरळ रेषेत असावे लागतात; सांगाड्याच्या मध्यापासून मागे कॉग ४२ मिलिमीटरवर होता आणि पुढे दाते ४५वर आले होते. ३ मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना जाणवलाही नसता, परंतु काकांनी दोन्हींना लांब पट्टी लावून तो मला दाखवला आणि बीबीचा आस आखूड घालून रेष जुळवली. फिक्स्ड सायकलीत तिरकी चेन नुसता आवाज करत नाही. ती उतरली तर चाक अडकू शकते. नंतर त्यांनी चेन बसवली, पायडल अगदी सावकाश फिरवले आणि चेन सर्वाधिक ताणली जाते ती जागा शोधली, कारण कोणतेही चेनव्हील पूर्ण गोल बसलेले नसते. तिथे त्यांनी चेनव्हीलचे पाचही बोल्ट किंचित सैल केले, चेनच्या वरच्या भागावर पान्ह्याच्या दांड्याने हलकेच टिचकी मारली, पुन्हा फिरवले, पुन्हा टिचकी मारली. वीस मिनिटांनी चेन फेरभर सारखीच सैल झाली, मध्ये बोट लावले तर अर्धा इंच वरखाली होईल इतकी. मॅसॅच्युसेट्समधील शेल्डन ब्राऊन (१९४४–२००८) यांनी फिक्स्ड गियरविषयी जे सविस्तर लिहून ठेवले आहे त्यात हीच रीत सांगितलेली आहे. काकांनी ते वाचलेले नाही. तीच रीत त्यांच्या हातात चाळीस वर्षांच्या कामातून आली आहे.

ब्रेक काढून टाकण्याचा विषय मी काढला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “ताई, ब्रेक नको असतील तर सायकल आत्ताच घेऊन जा, मी पैसे घेणार नाही.” जपानमध्ये १९४८ पासून चालत आलेल्या केरिन शर्यतींच्या सायकलींना ब्रेक नसतात, पण तो बंदिस्त ट्रॅक आहे आणि तिथे समोरून रिक्षा येत नाही. काकांनी दोन्ही ब्रेक ठेवले, तारा नव्या घातल्या आणि पायडल १७० ऐवजी १६५ मिलिमीटरच्या दांड्यांवर बसवले, कारण वळणावरही पाय थांबवता येत नाहीत आणि आतल्या बाजूचे पायडल रस्त्याला लागू शकते.

तक्रारी आहेत, आणि त्या लपवणे योग्य होणार नाही. तीन आठवड्यांचे काम साडेपाच आठवड्यांनी झाले. लेखी अंदाजपत्रक मिळत नाही. तोंडी सांगितलेल्या १८,००० रुपयांचे शेवटी २१,४०० झाले, ज्यात ३,५०० रुपये मजुरी आहे. वाढीचे कारण बीबीचा नवा आस आणि चांगल्या प्रतीचे लॉकरिंग हे होते आणि दोन्हींसाठी त्यांनी आधी फोन केला होता, तरी कागदावर आकडा असता तर बरे वाटले असते. वेगवेगळ्या दात्यांचे कॉग त्यांच्याकडे तयार नसतात, मागवावे लागतात. रंगकाम ते करत नाहीत. ज्यांना चार दिवसांत रंगीबेरंगी सायकल हवी आहे त्यांनी इथे जाऊ नये.

चालवण्याविषयी इतकेच सांगते की पहिले दोन आठवडे मी फ्रीव्हीलच्या बाजूनेच चालवली आणि मग एका रविवारी पहाटे, मोकळ्या रस्त्यावर, चाक उलटवले. सवयीने पाय थांबवायला गेले आणि पायडलने पाय उचलून पुढे नेला; चौथ्या-पाचव्या वेळी शरीराने ते स्वीकारले. आता गर्दीत चालण्याच्या वेगाने जातानाही तोल सुटत नाही, कारण चाकाची प्रत्येक हालचाल तळपायाला कळते. चांदणी चौकाकडचा चढ जड जातो, तो मी उभी राहून काढते.

सायकल देताना काकांनी कॉगवरून लॉकरिंगवर जाणारी एक बारीक पांढरी रेघ रंगाने ओढली आणि दीडशे किलोमीटरनंतर परत यायला सांगितले. मी गेले तेव्हा रेघ केसभर तुटली होती. कॉग आपल्या जागी आणखी बसला होता. त्यांनी लॉकरिंग आकड्याच्या पान्ह्याने पुन्हा आवळले, जुनी रेघ पुसून नवी ओढली आणि पैसे घेतले नाहीत. त्यानंतर दर रविवारी चाक पुसताना मी ती पाहते. ती अजून अखंड आहे.