सेकंडहँड लेन्स दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघून घेऊ नका, माझा कोल्हापुरातला अनुभव

कोल्हापुरात जुनी लेन्स घेणाऱ्यांनी हे जरूर वाचा, त्यातून जी पोरं आत्ता फोटोग्राफी शिकायलीत आणि ज्यांच्याकडं कसेबसे दहा-बारा हजार जमलेत त्यांनी तर नक्कीच, कारण फसवणारे नेमके त्यांनाच गाठतात.

माझ्याकडं कॅनन १५००डी कॅमेरा आहे आणि सोबत मिळालेली १८-५५ लेन्स (हे आकडे मिलिमीटरचे, आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). लेन्स वाईट नाही, पण जोतिबाच्या यात्रेत सासनकाठ्या गर्दीतनं पुढं यायला लागल्या की ५५ला सगळं लांबच राहतं. नवीन ५० एमएम १.८ बजेटमध्ये बसत होती, पोर्ट्रेटला भारीच, पण आपल्या क्रॉप सेन्सरवर (लहान आकाराच्या सेन्सरवर) ती ८० एमएमसारखी दिसते, घरात बारसं असलं तर भिंतीला पाठ टेकली तरी पाळणा आणि बायका एका फ्रेममध्ये येत नाहीत. म्हणून रोजच्या वापराला एकच लेन्स घ्यायची तर १८-१३५ हे पक्कं केलं, घरातलं पण होतं, लांबचं पण होतं, सारखी लेन्स बदलायची नाही त्यामुळं गुलालाच्या धुरळ्यात सेन्सर उघडा पडत नाही. हिची तीन मॉडेल आहेत, २००९ची साधी आयएस, २०१२ची एसटीएम आणि २०१६ची यूएसएम (एसटीएम, यूएसएम ही फोकसच्या मोटरची नावं). साधीचा फोकस सावकाश आणि आवाज करणारा, तिला एसटीएमचा भाव देऊ नका. पुढच्या रिंगवर नाव छापलेलं असतं ते स्वतः वाचा.

शहरातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात एसटीएम मिळाली, ११,५०० सांगितले. दुकानदारानं स्वतःच माझ्या कॅमेऱ्याला लावली, स्वतःच डायल ऑटोवर फिरवला आणि म्हणाला, "मारा दादा कितीबी फोटो." मारले, सगळे चांगले आले. मी म्हटलं जरा बाहेर उन्हात बघतो, तर "बाहेर लई धूळ हाय, काच खराब हुईल" म्हणून त्यानं दारातच अडवलं. बिल मागितलं तर सेकंडहँडला बिल नसतं म्हणे. पैसे मी यूपीआयनं दिले, पुढं तोच एक पुरावा हातात राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात रंकाळ्यावर गेलो, आणि शटर दाबलं की स्क्रीनवर एरर ०१, कॅमेरा आणि लेन्सचं कम्युनिकेशन नीट होत नाही, कॉन्टॅक्ट (लेन्स आणि कॅमेरा जोडणारे धातूचे ठिपके) साफ करा. मऊ कापडानं कॉन्टॅक्ट पुसले, बॅटरी काढून घातली, तेच. तसाच दुकानात गेलो तर तिथं लेन्स परत चालायला लागली! तो चार गिऱ्हाइकांसमोर म्हणतोय, "चालतीय की ओ, तुमचा कॅमेराच खराब हाय." त्या दिवशी मला खरंच काही बोलता आलं नाही.

खरा प्रकार कळला तो लेन्स रिपेअर करणाऱ्या काकांकडं. लेन्सच्या आत अ‍ॅपर्चरच्या (उजेड आत येणारं भोक लहानमोठं करणाऱ्या) पात्यांकडं जाणारी एक पातळ फ्लेक्स केबल असते, झूम पुढंमागं केला की ती दर वेळी वाकते आणि वाकून वाकून तिला चीर जाते. ट्यूबलाइटच्या उजेडात ऑटोवर कॅमेरा अ‍ॅपर्चर पूर्ण उघडंच ठेवतो, म्हणजे पाती हलायचं कामच नाही, त्यामुळं फोटो व्यवस्थित येतो. उन्हात ऑटो एफ ८, एफ ११ला, म्हणजे लहान भोकाला जातं, पात्यांना मिटायचा हुकूम जातो आणि तिथं एरर. म्हणून ऑटो, म्हणून बाहेर जायचं नाही! आणि काकांनी फिल्टर रिंगवरचा टवका बघून ती लेन्सच ओळखली. हीच लेन्स त्याच दुकानानं मागं त्यांच्याकडं पाठवली होती, त्यांनी केबल गेलीय म्हणून सांगितलं होतं आणि खर्च ऐकून दुकानदारानं तशीच परत नेली होती. म्हणजे माहीत असून विकली, राग आला तो याचा.

काकांना घेऊन परत गेलो आणि त्याच्याच काउंटरवर एव्ही मोडला (यात भोक केवढं ठेवायचं ते आपण ठरवतो) एफ ११ लावून शटर दाबलं, एरर ०१. मग गिऱ्हाइकांसमोर त्याचा आवाज उतरला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा. हे सांगून १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन त्याच्यासमोर लावायला घेतली तेव्हा लेन्स ठेवून घेऊन ९,००० परत दिले, बाकीचे "वापरल्याचे" कापले. एक दिवस वापरल्याचे अडीच हजार! त्या पैशासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे, ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा एव्हीवर एफ ८, एफ ११ लावून १८, ३५, ५०, ८५, १३५ अशा प्रत्येक ठिकाणी एकेक फोटो मारा, कारण केबल कधी कधी ठरावीक झूमलाच दगा देते. मोबाईलचा टॉर्च मागनं आत मारून पुढनं तिरकं बघा, आपल्याकडचा पावसाळा असा की कपाटात पडलेल्या लेन्सला बुरशी धरू शकते, ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते आणि काचेचं कोटिंग खाते, साफ केली तरी डाग राहू शकतो. लेन्स उन्हात न्यायला कोण नाही म्हणत असेल तर तिथनं निघाच.

आणि आज हे लिहायला बसलो कारण तीच लेन्स परत विक्रीला लागलीय, "कंडिशन एक नंबर, किंमत १२,०००". कॅनन १८-१३५ एसटीएम, फिल्टर रिंगला टवका आहे, जाहिरातीत त्या बाजूचा फोटो टाकलेला नाही.