काचेची शेगडी: इन्फ्रारेड घ्यावी की इंडक्शन? बेळगावकडचा हिशेब

गॅसच्या जोडीला काचेची इलेक्ट्रिक शेगडी घ्यायचीय, पण इन्फ्रारेड घेऊ की इंडक्शन, असं आमच्याकडं टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत बरेच जण विचारालेत. दुकानात दोन्ही एकसारख्याच दिसतात, वर काळी गुळगुळीत काच, पुढं बटणं, आणि दुकानदार वॅट सांगत बसतो. वॅटवर जाऊ नका, दोन्हींत २००० च्या आसपासच्या सर्रास मिळतात. आधी घरातली भांडी काढून बघा आणि मग हेस्कॉमचं, म्हणजे आमच्याकडच्या वीज कंपनीचं, बिल.

भांडी एवढ्यासाठी की इन्फ्रारेडमध्ये काचेखालची कॉइल लालभडक होते, ती काच तापवते आणि काच भांडं तापवते, त्यामुळं बूड सपाट असलं की ॲल्युमिनियम, पितळ, तांबं काहीही चालतं. इंडक्शनला मात्र चुंबक चिकटेल असंच बूड लागतं. फ्रीजवरचं चुंबक काढून मांडणीवरच्या भांड्यांना लावत सुटा, दोन मिनिटांत कळतंय. आजीच्या वेळची जर्मनची पातेली आणि ॲल्युमिनियमचा जुना कुकर एवढंच घरात असेल तर इंडक्शनच्या किमतीत नव्या भांड्यांचा खर्च धरूनच बोला.

वेग आणि वीज दोन्हीत इंडक्शन पुढं. तिथं थेट भांडंच तापतं म्हणून साधारण ८५ टक्के वीज कामाला येते, कॉइलवाल्या काचेत ७५ च्या आसपास. दूध वर आलं की इंडक्शन बंद केलं, दूध खाली बसलं. इन्फ्रारेड बंद करून उपयोग नाही, काच तापलेलीच असते, पातेलंच उचलावं लागतं. पण ह्याच उरलेल्या तापाचा फायदाही आहे बरं का, आमटी उकळली की उतरवायच्या पाचेक मिनिटं आधीच बटण बंद करायचं आणि झाकण ठेवायचं, बाकीचं काच करते.

आता सुरक्षेचं. लहान पोरं घरात असतील तर मी इंडक्शनकडंच झुकेन. इन्फ्रारेडची काच बंद केल्यावरही बराच वेळ चटका देते, लाली गेली की ती थंडच दिसते आणि तिथंच घोळ होतो. काही मॉडेलवर काच गरम आहे तोवर दिवा नाहीतर H अक्षर दिसतं, ते नसलेली घेऊच नका. इंडक्शनची काचही गरम होते पण भांड्याच्या तापानं, त्यामुळं कमी आणि थोडा वेळ. फक्त घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर इंडक्शन घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं, आणि इंडक्शन बंद केल्या केल्या प्लग ओढायचा नाही, आतला पंखा थांबेपर्यंत दम धरायचा.

कुंदा, पुरण, गुळाचा पाक असलं काही करणाऱ्यांनी हे नीट वाचा. साखर तापलेल्या काचेवर सांडली आणि तशीच थंड झाली तर ती काचेला अशी धरते की निघताना काचेचा टवकाच घेऊन निघते. म्हणून शेगडी बंद करून काच कोमट व्हायची वाट न बघता, हात जपून, ब्लेडच्या खरवडणीनं लगेच सरकवायची. इन्फ्रारेडवर हा धोका जास्त. बाकी डाग पूर्ण थंड झाल्यावर मऊ फडकं आणि भांड्याचा साबण, बोरच्या पाण्याचे पांढरे ठिपके असतील तर थोडं व्हिनेगर. तारेची घासणी आणि राख लांबच ठेवा. ही काच गरम असताना पाणी पडलं म्हणून सहसा तडकत नाही, पण वरवंटा पडला की गेली, आणि बारीक चीर जरी दिसली तरी प्लग काढून वापर बंद, चिरेतून पाणी आत विजेपर्यंत जातं.

भाकरीचं काय? तव्याचं बूड सपाट असेल तर दोन्हीवर भाजते, पण आपले तवे बहुतेक खोलगट, आणि जाळावर टम्म फुगवायची मजा, वांगं भाजायची सोय दोन्हीत नाही. खानापूरकडं पावसात लाईट जाते तेव्हाही गॅसच लागतो. तेव्हा सिलिंडर परत करायचा विचार सोडा.

आता बिल. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती ह्या फुकट विजेच्या योजनेत साधारणपणे घराच्या २०२२-२३ च्या महिन्याच्या वापराची सरासरी अधिक १० टक्के एवढीच युनिटं फुकट, आणि महिन्याला २०० च्या वर गेलात की पूर्ण बिल. २००० वॅटची शेगडी रोज तासभर पूर्ण ताकदीनं चालली तर महिन्याला ६० युनिटं वाढली. सरासरी १३० असेल तर १४३ माफ, वापर १९०, म्हणजे ४७ चे पैसे, परवडतं. पण सरासरी १५० असेल तर २१० होतात आणि सगळंच बिल अंगावर येतं की ओ! अशा घरात सगळा स्वयंपाक विजेवर नेण्यापेक्षा चहा, भात, दूध एवढंच इंडक्शनवर करा. महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लजवाल्यांना ही भानगड नाही, त्यांनी आपला महावितरणचा स्लॅब बघायचा.

म्हणून माझं मत, भांडी चुंबकाला चिकटत असतील तर इंडक्शन, जुनी भांडी सोडवत नसतील आणि घरात लहान पोर नसेल तर इन्फ्रारेड. कुठलीही घ्या, १६ अँपिअरचं वेगळं सॉकेट वायरमनकडून करून घ्या, टीव्हीच्या एक्स्टेंशन बोर्डवर ही लावायची नाही.