पॉलिअ‍ॅना आणि पँग्लॉस : दोन आशावादी, दोन अर्थ

सदासर्वदा सगळे गोड मानून घेणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत रूढ असलेले हे दोन्ही शब्द कथेतील पात्रांच्या नावांवरून आले आहेत. पॉलिअ‍ॅना ही एलेनॉर पोर्टर यांच्या १९१३ सालच्या कादंबरीतील अनाथ मुलगी. पॉली आणि अ‍ॅना या मावश्यांची नावे जोडून तिचे नाव ठेवलेले आहे. धर्मादाय पेटीतून हव्या असलेल्या बाहुलीऐवजी कुबड्या निघाल्या, तेव्हा ‘आपल्याला त्यांची गरज नाही’ यातच आनंद मानायला वडिलांनी तिला शिकवले. लेखिकेने कौतुकाने रंगवलेले हे नाव पुढे भाबडेपणाचे टोमणे मारण्यासाठी वापरले जाऊ लागले, हे जरा अन्यायाचेच.

पँग्लॉस मात्र जन्मतःच थट्टेचा विषय आहे. फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरच्या १७५९ मधील ‘कांदीद’ या उपहासात्मक कादंबरीतला हा तत्त्वज्ञ; त्याच्या नावात ग्रीकमधले ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि ‘ग्लोसा’ म्हणजे जीभ हे शब्द आहेत. लिस्बनच्या १७५५ च्या भूकंपानंतरही सर्व काही उत्तमच आहे असे तो सिद्ध करत राहतो, आणि त्यामागचा रोख जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सच्या ‘शक्य असलेल्या सर्व जगांपैकी आपले जग सर्वोत्तम’ या सिद्धांतावर आहे.

पॉलिअ‍ॅना दुःख मान्य करून त्यात आनंद शोधते, तर पँग्लॉस दुःखच योग्य ठरवतो. त्यामुळे स्वभावासाठी पहिला आणि युक्तिवादासाठी दुसरा शब्द मला नेमका वाटतो. आपला ‘होयबा’ या पंक्तीत बसत नाही, कारण त्याचे मान डोलावणे वरिष्ठांची मर्जी राखण्यासाठी असते.